स्वयंचलित वातानुकूलनाचे निदान

मोटारीतील स्वयंचलित वातानुकूलन बिघडताच गॅस भरून घेण्याची त्वरा करणे म्हणजे, माझ्या मते, तपासाआधीच फैसला सुनावणे होय. कारण या यंत्रणेचा कारभार केवळ काँप्रेसरवर नव्हे, तर आतील-बाहेरील तापमानाची आणि उन्हाच्या प्रखरतेची वर्दी देणाऱ्या सेन्सरांवरही चालतो. आतील सेन्सरच्या जाळीवर धूळ साचली, की त्यावरून हवा खेळेनाशी होते आणि नियंत्रक चुकीच्या वर्दीवर हुकूम सोडतो. डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येत असेल आणि हवा एकाच बाजूस गार लागत असेल, तर उष्ण-शीत हवेचे मिश्रण करणाऱ्या झडपेच्या मोटरीचे दाते बहुधा झिजलेले असतात. कित्येक गाड्यांत नियंत्रक दोषांची नोंद स्वतःच ठेवतो. ती प्रथम वाचावी, मगच दाबमापक लावावा. गॅस खरोखरच कमी आढळला, तर गळती शोधल्याखेरीज तो पुन्हा भरू देऊ नका.