पासवर्ड न सांगता पटणारी ओळख

वाशी, महापे, ऐरोली, बेलापूर. सकाळी दहाच्या सुमारास नवी मुंबईतल्या ऑफिसाऑफिसांत माणसं खुर्चीत बसतात, नाव-पासवर्ड टाइप करतात आणि स्क्रीन उघडते. या दोन-तीन सेकंदांत पडद्यामागे जे घडतं, ते जितकं उलगडून पाहावं तितकं थक्क करतं.

दहा-बारा पीसींचं ऑफिस सुरुवातीला डोमेनशिवाय, म्हणजे खात्यांच्या सामायिक व्यवस्थेशिवायच चालतं. ज्या-त्या पीसीवर ज्याचं-त्याचं खातं. दुसऱ्याच्या मशीनवर बसायचं तर तिथे वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. कुणी नोकरी सोडली की आयटीवाल्याने मशीन-मशीनवर जाऊन त्याचं खातं बंद करायचं. एखादं मशीन राहून गेलं तर दार उघडंच. ऑफिस वाढलं की हे आवरेनासं होतं. मग सगळी खाती डोमेन कंट्रोलर नावाच्या एका मध्यवर्ती सर्व्हरवर आणतात. विंडोजच्या जगात या व्यवस्थेला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. ती विंडोज २००० बरोबर आली. खातं एकाच जागी उघडायचं, एकाच जागी बंद करायचं, आणि ते ऑफिसभर लागू.

खाती हलवताना मात्र पहिल्याच दिवशी हमखास गोंधळ उडतो. समजा, पीसीवर सुनीता नावाचं खातं होतं. डोमेनमध्येही तेच नाव दिलं, पासवर्डही तोच ठेवला. सुनीताबाई लॉगिन करतात तर डेस्कटॉप कोरा! फायली नाहीत, बुकमार्क नाहीत, प्रिंटरही नाही. खरं तर काहीच पुसलेलं नसतं. विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला ते एस-१-५-२१ पासून सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक देतं. त्यातले पुढचे तीन मोठे आकडे त्या पीसीचे किंवा डोमेनचे, आणि शेवटचा आकडा खात्याचा. कुठला फोल्डर कोणी उघडायचा, ही यादीसुद्धा याच क्रमांकांची असते. त्यामुळे जुन्या आणि नव्या सुनीताबाई विंडोजच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. जुनं प्रोफाइल नव्या क्रमांकाच्या नावावर करून देणं आणि फोल्डरांचे हक्क नव्याने लावणं, हे खाती हलवणाऱ्याचं खरं काम. आणि गंमत बघा, लग्नानंतर सुनीताबाईंचं नाव बदललं, लॉगिनचं नावही बदललं, तरी क्रमांक तोच राहतो आणि एकही फाइल दुरावत नाही.

आता ओळख पटते कशी ते पाहू. ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात जन्मली. तिचं नाव कर्बेरॉस. तिथे विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसणार आणि नेटवर्कवर कुणीही कान लावून बसलेला असू शकणार, हे गृहीतच होतं. म्हणून पासवर्ड तारेवरून पाठवायचाच नाही, असं ठरलं. पीसी तुमच्या पासवर्डपासून एक गुप्त किल्ली बनवतो, त्या किल्लीने त्या क्षणाची वेळ कुलूपबंद करतो आणि तेवढीच पाठवतो. डोमेन कंट्रोलरकडे तीच किल्ली असते. कुलूप उघडलं आणि आत ताजी वेळ निघाली, की ओळख पटली! बदल्यात तिकीट मिळतं, साधारणपणे दहा तासांचं. ते दाखवून फाइल सर्व्हरसाठी वेगळं तिकीट घ्यायचं. लोकलमध्ये पास पाहिल्यावर टीसी पुन्हा खिडकीवर चौकशीला जात नाही, तसा फाइल सर्व्हरही तिकीट पाहूनच आत घेतो.

सगळा भरवसा घड्याळावर असल्यामुळे दोन्हीकडच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, घड्याळ मागे पडलं, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडू शकतं.

इतकं सगळं एका सर्व्हरवर अवलंबून असेल तर तो बंद पडल्यावर काय? म्हणून डोमेन कंट्रोलर एकापेक्षा जास्त ठेवतात. एकावर केलेला बदल आपोआप बाकीच्यांवर पोहोचतो. पण या सोयीला मर्यादा आहे, आणि ती दाखवणारी घटना नवी मुंबईच्या शेजारी, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली होती.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं टर्मिनल त्यात सापडलं आणि कंटेनरचं कामकाज कोलमडलं. हा प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीतून लॉगिनची गुपितं उचलत असे. त्यात ॲडमिनचं गुपित हाती लागलं की डोमेनमधली बाकीची मशीनंही त्याला मोकळी. मर्स्ककडे जगभर सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. ते एकमेकांच्या प्रती होते, आणि एक सोडून सगळे पुसले गेले. वाचला तो घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याची डिस्क माणसांच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली गेली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे राहिले.

एकमेकांशी सतत जुळणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हा या घटनेचा धडा. तुमच्या ऑफिसात खाती डोमेनवर जाणार असतील तर जरूर जाऊ द्या. सोय आणि सुरक्षितता दोन्ही वाढतात. फक्त आयटीवाल्यांना तीन प्रश्न विचारा. डोमेन कंट्रोलरची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवली आहे का? त्या प्रतीवरून डोमेन पुन्हा उभं करून पाहिलं आहे का? आणि ॲडमिनचं खातं रोजच्या कामाला कुणी वापरत नाही ना? वीज नेमकी वेळेवर जाईल, या भरवशावर कुठलंही ऑफिस चालवू नये.