तालमीतील मालिश : सातारा-सांगलीच्या मल्लांची हस्तविद्या

कृष्णा-वारणेच्या काठी वसलेल्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत कुस्ती हा खेळ म्हणून जितका रुजला, तितकाच तो गावाच्या प्रतिष्ठेचा भाग म्हणूनही जोपासला गेला. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके पटकावली आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. कुंडलचे मैदान आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरणारा कुस्त्यांचा फड यांची नावे या मुलखाबाहेरही घेतली जातात. या परंपरेविषयी लिहिताना डावांचे, खुराकाचे आणि वस्तादांचे वर्णन विस्ताराने येते, पण ज्या विद्येच्या आधारावर मल्लाचे शरीर दुसऱ्या दिवशीच्या मेहनतीला उभे राहते, त्या मालिशचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यातच उरकला जातो. तालमीच्या दृष्टीने मालिश ही चैन नसून व्यायामाचाच उत्तरार्ध आहे, आणि तिचे तंत्र स्वतंत्रपणे समजून घेण्याजोगे आहे.

तालमीतील दिनक्रम पहाटे सुरू होतो. जोर, बैठका आणि सपाट्या यांनी अंग तापल्यावर मल्ल हौद्यात, म्हणजे लाल मातीच्या आखाड्यात, उतरतात. ही माती चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळून तयार केलेली असते, आणि ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या मुलखात आखाड्याला हळद कमी पडण्याचे कारण नाही. लढतीच्या ओघात हीच माती अंगाला घासली जाते, घाम शोषते आणि पकड टिकवते; लढत संपल्यावर मल्ल एकमेकांच्या पाठीवर, दंडांवर कोरडी माती चोळतात, तेव्हा मालिशचा पहिला टप्पा नकळत पार पडलेला असतो. तेलाची खरी मालिश श्वास स्थिर झाल्यावर, किंवा मेहनतीला सुटी असलेल्या दिवशी सवडीने होते. दिवसभराच्या कष्टाने स्नायू ताठरलेले असताना ते पुन्हा मोकळे करणे, हा तिचा हेतू असतो.

या मालिशचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, ती परस्परांची असते. राजे-सरदारांच्या पदरी अंग रगडणारे नोकर असत आणि आजही मोठ्या मल्लांना वेगळा मालिशवाला ठेवणे परवडते, पण सामान्य तालमीत दोन पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात. धाकटा थोरल्याच्या सेवेला बसतो हे खरे, तरी थोरल्यानेही धाकट्याच्या पायाला हात लावण्यात कमीपणा मानला जात नाही. बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञानेही हेच निरीक्षण ठळकपणे नोंदवले आहे की, एरवी पायाला स्पर्श करण्याविषयी असलेली जातीची आणि वयाची बंधने मालिशच्या वेळी सैल होतात. या देवघेवीमुळेच विद्या टिकते. ज्याने स्वतःच्या मांडीवर चुकीच्या जागी पडलेला दाब सोसला आहे, त्याला दुसऱ्याच्या मांडीवर कोठे थांबावे हे सांगावे लागत नाही, आणि मालिश देण्याचे निम्मे शिक्षण मालिश घेताना होते, हे तत्त्व कोणत्याही वर्गातील पाठापेक्षा अधिक खात्रीचे आहे.

हातांच्या क्रियांचा विचार केला, तर चोळणे, मळणे, रगडणे, थापटणे आणि हलवणे असे तिचे प्रमुख प्रकार दिसतात. चोळणे म्हणजे तेल लावलेला पूर्ण तळहात अंगावरून सलग, लांब फिरवणे. याने तेल पसरते, त्वचा उबदार होते आणि ज्याच्या अंगावर हात आहे त्याला त्या हाताची ओळख पटते. मळणे म्हणजे स्नायूचा मांसल भाग अंगठा आणि बोटे यांच्यात धरून, भाकरीचे पीठ मळताना जसा तळहाताचा मनगटाकडील भाग पुढे रेटतात तसा रेटून, दाबून सोडणे. मांडी, पोटरी, खांदा आणि दंड या भरीव भागांसाठी हीच क्रिया मुख्य ठरते. रगडण्यात दाब खोल जातो, म्हणून तो अंगठ्याने, कोपराने किंवा पालथ्या हाताने थोड्या जागेत हळूहळू दिला जातो, आणि स्नायूत जेथे गाठ लागते तेथे हात क्षणभर थांबवून, ती सैल पडू लागली की पुढे सरकवला जातो. भारदस्त मल्लाच्या मांड्यांना हाताचा जोर पुरत नाही, तेव्हा भिंतीचा किंवा खांबाचा आधार घेऊन त्या पायांनी तुडवण्याचीही पद्धत आहे. शेवटी येणारे थापटणे आणि हातपाय सैल धरून हलवणे, यांनी सांधा मोकळा झाला की नाही हे देणाऱ्यालाही कळते.

या क्रियांची नावे युरोपातील परिभाषेशी ताडून पाहिली तर साम्य लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकात योहान गेओर्ग मेत्सगर या डच वैद्याने मालिशच्या हालचालींचे घसरता हात, मळणे, घर्षण आणि थापटणे असे वर्गीकरण रूढ केले आणि त्यावर पुढे ‘स्वीडिश मसाज’ नावाने जगभर पसरलेली पद्धत उभी राहिली. माणसाच्या अंगाची ठेवण सर्वत्र एकच असल्याने स्वतंत्रपणे घडलेल्या दोन परंपरा त्याच चार-पाच हालचालींपाशी पोहोचाव्यात, यात नवल नाही.

तंत्राचा खरा कस मात्र हालचालींच्या नावांत नसून दाब, गती आणि सातत्य यांत आहे. दाब दंडाच्या जोराने न देता शरीराच्या भाराने द्यावयाचा असतो. कोपर जवळजवळ सरळ ठेवून, गुडघे टेकून पुढे झुकले की अंगाचे वजन आपोआप तळहातात उतरते, देणारा थकत नाही आणि घेणाऱ्याला धक्का जाणवत नाही. समोरच्याचा श्वास बाहेर पडत असताना दाब वाढवावा आणि आत येताना सैल करावा, कारण श्वास कोंडून धरलेले शरीर दाबाला विरोध करते. एक हात उचलण्यापूर्वी दुसरा टेकलेला असावा, म्हणजे स्पर्श तुटत नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्यांवर भरपूर काम करावे, पण मणक्यांवर थेट दाब कधीही देऊ नये. गुडघ्यामागची खळगी, काख, जांघ आणि गळ्याची पुढची बाजू येथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्वचेच्या जवळून जात असल्याने तेथे केवळ हलका हात फिरवावा. हातापायांवर दाबाचा रोख हृदयाच्या दिशेने ठेवणे आणि सांध्यांभोवती गोलाकार चोळणे, हा सुरक्षित संकेत आहे. पोटावर मात्र नाभीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मोठ्या आतड्याच्या मार्गाला धरून, अगदी हलकेच जावे.

तेलाच्या निवडीत ऋतू आणि शेती या दोन्हींचा हात असतो. थंडीत तिळाचे, उन्हाळ्यात खोबरेल, आणि भुईमूग पिकवणाऱ्या या भागात घरचे शेंगतेलही चालते. दुखऱ्या सांध्यासाठी नारायण तेलासारखी औषधी तेले वापरली जातात. तेल कोमट असावे आणि हात सरकण्यापुरतेच असावे, कारण ते जास्त झाले तर पकड निसटते आणि मळण्याची क्रिया नुसते चोळणे होऊन बसते.

आयुर्वेदाने या विद्येला दिनचर्येत स्थान दिले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून चोळणे, करावा असे सांगून डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सुचवले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अभ्यंगाबरोबरच उद्वर्तन, म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग घासणे, आणि संवाहन, म्हणजे सुखकर रीतीने अंग चेपणे, यांचे गुण स्वतंत्रपणे दिले आहेत. सुश्रुताचा टीकाकार डल्हण तर तेल किती वेळ मुरवावे याचे मापही देतो : ३०० मात्रांत ते केसांच्या मुळांशी पोहोचते आणि ९०० मात्रांत मज्जेपर्यंत जाते, असे त्याचे म्हणणे आहे. मात्रा म्हणजे एक लघू अक्षर उच्चारण्यास लागणारा वेळ. तेल खरोखर हाडांच्या गाभ्यापर्यंत झिरपते हे आजच्या शरीरशास्त्राला मान्य होणार नाही, पण एका जागी घाई न करता काही मिनिटे काम करावे, हा त्यातील व्यावहारिक बोध अजूनही खरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचवलेल्या मानसोल्लासात स्नानाचा आणि मल्लांच्या विनोदाचा, म्हणजे राजासमोर होणाऱ्या कुस्त्यांचा, वेगवेगळा विचार आहे. तेल आणि मल्ल या दोन्ही गोष्टींना दक्षिणेच्या दरबारात किती मान होता, हे त्यावरून समजते.

मालिशने नेमके काय साधते, याविषयी तालमीत आणि तालमीबाहेरही काही समजुती घट्ट आहेत. व्यायामाने स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल मालिशने निघून जाते, ही त्यांतली सर्वांत प्रचलित समजूत होय. परंतु कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या २०१० मधील प्रयोगात व्यायामानंतर लगेच केलेल्या मालिशने रक्तप्रवाह आणि आम्लाचा निचरा वाढण्याऐवजी घटल्याचे आढळले, आणि ते आम्ल शरीर तसेही थोड्याच वेळात स्वतःहून वापरून टाकते. याउलट २०१२ मध्ये कॅनडातीलच मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी ११ तरुणांकडून थकेपर्यंत सायकल चालवून घेतली, त्यांच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालिश दिली आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा मालिश मिळालेल्या पायात दाह दर्शवणारे संकेत कमी आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे वाढवणारे संकेत अधिक दिसले. आम्लाच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. २०२० मध्ये २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या निबंधाने असे दाखवले की, मालिशने ताकद, उडी किंवा वेग वाढत नाही, पण लवचिकता थोडी वाढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे अंगदुखणे थोडे कमी होते. वस्तादांचा अनुभव आणि हा निष्कर्ष यांत विरोध नाही; मालिशने कुस्ती जिंकता येते असा कोणत्याही शहाण्या वस्तादाचा दावा नसतो, उद्याची मेहनत चुकू नये एवढेच त्याला हवे असते.

मनाला मिळणाऱ्या विश्रांतीचे स्पष्टीकरण त्वचेत आहे. केसाळ त्वचेतील काही मंदगती मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाने फिरणाऱ्या हलक्या, उबदार स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो संदेश मेंदूच्या भावनांशी निगडित भागाकडे नेतात; वेग त्याहून फार वाढला किंवा घटला की सुखाची जाणीव ओसरते. मालिशची सुरुवात आणि शेवट सावकाश चोळण्याने करण्याचा तालमीचा रिवाज या मोजमापाशी सहज जुळतो. घरोघरी झोपण्यापूर्वी तळपायांना तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासण्याची जी चाल आहे, तिचाही लाभ याच मार्गाने मिळत असावा. तळव्यावर उमटणारा काळपटपणा अंगातली उष्णता बाहेर आल्याची खूण मानला जातो, पण तो मिश्रधातू आणि स्निग्धपदार्थ यांच्या घर्षणातून येतो, आणि त्यामुळे वाटीने मिळणारी शांत झोप खोटी ठरत नाही.

या मुलखात मालिशची दुसरी परंपरा तालमीइतकीच जुनी आहे, आणि ती सर्वस्वी स्त्रियांच्या हाती राहिली. बाळंतिणीला सव्वा महिना रोज तेल लावून, अंग चोळून, ऊन पाण्याने न्हाऊ घालून शेक-धुरी देण्याचे काम गावातील अनुभवी बाई करते आणि तीच बाळाला लांब केलेल्या पायांवर घेऊन तेल चोळते. मल्लाच्या मांडीला लागणारा जोर येथे निरुपयोगी असतो. बाळाची टाळू भरताना, म्हणजे डोक्याच्या मऊ भागावर तेल ठेवताना, बोटाचा भारही जाणवता कामा नये. अकाली जन्मलेल्या बाळांना नियमित हलक्या मालिशने वजन वाढण्यास मदत होते, हे मियामी विद्यापीठातील टिफनी फील्ड यांच्या १९८६ पासूनच्या संशोधनाने पुढे आणले. मात्र बाळाच्या नाकात-कानात तेल सोडणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे या जुन्या प्रथा डॉक्टर निषिद्ध मानतात, आणि त्या सोडून दिल्याने मालिशचे काहीच उणे होत नाही.

मर्यादांची जाण हा या विद्येचा भागच आहे. वाग्भटानेच कफाचे विकार, अजीर्ण आणि शोधनचिकित्सेनंतरची अवस्था यांत अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. आज त्यात ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी सूज, हाड मोडल्याचा संशय आणि पोटरीत एकाच बाजूला अचानक आलेली दुखरी सूज यांची भर घालावी लागते, कारण या शेवटच्या स्थितीत शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा आणि रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अनेक तालमींत वस्तादच मुरगळलेला पाय किंवा निखळलेला खांदा बसवतो. या कौशल्याविषयी आदर बाळगूनही क्ष-किरण तपासणीआधी सांध्याला झटका देऊ नये, हे निक्षून सांगणे आवश्यक आहे.

मॅटवरील कुस्ती वाढली, तसे मालिशचे काम हळूहळू फिजिओथेरपिस्टकडे आणि यंत्रांकडे जाऊ लागले. दुखापतीच्या उपचारासाठी हा बदल हिताचा आहे, परंतु दोन पठ्ठ्यांमधील देवघेव त्यात उरत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती गदा जिंकली, तेव्हापासून या प्रश्नाला नवी बाजू आली आहे. पुरुष वस्तादाने डाव शिकवणे मुलींच्या तालमीत रूढ झाले तरी अंग रगडण्याचे काम त्याच्याकडे जाऊ शकत नाही. ते मुलींनी एकमेकींचे करावे लागेल आणि त्यासाठी त्यांना कोणीतरी शिकवावे लागेल. ते शिकवू शकतील अशा जाणत्या स्त्रिया या दोन जिल्ह्यांच्या गावोगावी बाळंतिणींना न्हाऊ घालत आहेत. खोल दाबाचे तंत्र आणि शरीररचनेची तोंडओळख एवढी जोड मिळाली, तर मुलींच्या तालमीत मानधनावर बसवण्याइतके ज्ञान त्यांच्या हातात आजच आहे.