मुके तळवे

सिद्धनाथांची मार्गशीर्षातील रथयात्रा आटोपल्यावर म्हसवडच्या आमच्या चिकित्सालयात एक साठीचा शेतकरी खोकल्यासाठी आला. प्रमेहाचा जुना रुग्ण. तळव्यात बाभळीचा काटा, भोवती पू. त्यास गंधवार्ताही नव्हती. कित्येक महिने आम्ही त्याची नाडी व रक्तशर्करा पाहत होतो. पायताण मात्र एकदाही काढावयास लावले नव्हते.

काटा रुतताच चेतातंतूच्या टोकाशी सोडियमचे कण आत शिरतात व विद्युत्-स्पंद उठतो. पातळ वेष्टणाचे तंतू तो सेकंदास ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, विनावेष्टणाचे जेमतेम मीटरभर. म्हणून ठेच लागता आधी कळ, मागाहून ठणका. संदेश पृष्ठरज्जू व थॅलॅमसमार्गे मेंदूच्या बाह्यकात पोहोचतो. पावलाचा तंतू सुमारे मीटरभर लांब. प्रमेहात सर्वांत लांब तंतू प्रथम झिजतात, आणि संदेशच न आल्यास मेंदू सर्व कुशल मानतो.

हातापायांची सुप्तता व दाह चरकांनी निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांतच सांगितले आहेत. विद्यार्थिदशेत आम्ही ते गुणांपुरते पाठ केले!

आता प्रत्येक प्रमेहीच्या पायाच्या अंगठ्यावर आम्ही १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क टेकवितो. त्या शेतकऱ्याची जखम शल्यचिकित्सकाकडे पाठविल्यावर दोन महिन्यांनी भरली. नंतर फोर्क पायास लावला, तर म्हणाला, "काय बी नाय, डॉक्टर." तोच मनगटावर ठेवताच हसला, "हितं मुंग्या चालल्यात की!"