मालासह ट्रकही रेल्वेवर: ‘रो-रो’ सेवेचे गणित
माल ट्रकने न्यावा की रेल्वेने, या प्रश्नाला कोकण रेल्वेने १९९९ मध्ये तिसरा पर्याय दिला: मालाने भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवण्याचा. रायगड जिल्ह्यातील कोलाड आणि गोव्यातील वेर्णा यांदरम्यान सुरू झालेली ही ‘रो-रो’ सेवा पुढे कर्नाटकातील सुरतकलपर्यंत विस्तारली.

ट्रक रॅम्पवरून थेट सपाट वाघिणीवर चढतो. चालकही सोबत प्रवास करतो. माल उतरवून पुन्हा भरावा लागत नसल्याने हाताळणीचा खर्च, नासधूस आणि वेळ वाचतो. वळणावळणांच्या महामार्गावर लागणारे डिझेल आणि अपघाताचा धोकाही टळतो. मात्र ट्रकची उंची आणि वजन आधी तपासले जाते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. रेल्वेला मालाबरोबर ट्रकचेही वजन ओढावे लागते. कंटेनर वाहतुकीत ते वाचते. पण दोन्ही टोकांना क्रेन आणि स्वतंत्र ट्रक लागतात. शिवाय ट्रक वेळेत पोहोचला नाही, तर वाचणारे तास पुढील गाडीच्या प्रतीक्षेत खर्ची पडतात. त्यामुळे बहुविध वाहतुकीचा नफा-तोटा गाडीच्या वेगापेक्षा साधन बदलण्याच्या ठिकाणच्या नियोजनावर अधिक अवलंबून असतो.