दुपारचं ऊन संध्याकाळी विकताना

शनिवारी दुपारी एक वाजता दिवेआगरच्या किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पर्यटक जेवून खोल्यांमध्ये आडवे झालेले असतात. सरबताच्या गाडीवर सौर पॅनेल असेल, तर ते मात्र याच वेळी दिवसातली सगळ्यात जास्त वीज बनवत असतं. साडेपाचला चित्र उलटं. गर्दी उसळते, कोकम सरबताचे ग्लास हातोहात जातात, दिवे लावायची वेळ होते आणि पॅनेल पेंगायला लागतं. वीज आहे तेव्हा गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक आहे तेव्हा वीज नाही. किनाऱ्यावरच्या सौर दुकानाची खरी परीक्षा इथेच आहे.

मुळात इथे सौर हवंच कशाला? भरतीरेषेजवळ पक्कं बांधकाम करता येत नाही. गोव्यातले शॅकही मे अखेरीस उतरवावे लागतात. जे दुकान पावसाळ्याआधी गुंडाळून घरी न्यायचं, त्याला विजेचा खांब कोण देणार? मग शेजारच्या लॉजमधून ओढलेली वायर, नाहीतर धडधडणारा जनरेटर. समुद्राची गाज ऐकायला आलेल्या माणसाला जनरेटरशेजारी बसवणं हा एक विनोदच आहे.

तर हिशेब मांडू. 330 वॉटचं पॅनेल घेतलं, तर तो आकडा प्रयोगशाळेतला: दर चौरस मीटरवर 1000 वॉट ऊन आणि सौरघटाचं तापमान 25 अंश. कोकणातल्या उन्हात घट 60 अंशांपर्यंत सहज तापतात आणि प्रत्येक वाढीव अंशाला उत्पादन साधारण 0.4 टक्क्याने घसरतं. म्हणजे उष्णतेपायीच 14 टक्के गेले. त्यातल्या त्यात, दुपारी समुद्रावरून सुटणारा खारा वारा पॅनेललाही थोडं निववतो. दर किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट, हा ढोबळ आडाखा धरला तर आपल्या हाती येतात 1.3 युनिट.

एवढ्यात काय काय होतं? उजेड स्वस्त आहे. नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास जळाले, तरी 135 वॉट-तास, म्हणजे युनिटचा सातवा हिस्सासुद्धा नाही. पाचशे वॉटचा मिक्सर ऐकायला राक्षसी वाटतो, पण दिवसभरात पंधरा मिनिटं फिरला तर त्याचे 125. फक्त सुरू होताना तो क्षणभर कितीतरी जास्त वीज मागतो, म्हणून इन्व्हर्टर ऐसपैस घ्यावा लागतो. चहाचं मात्र नाव काढू नये. दहा लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला 0.8 युनिट लागतं, आणि यात भांड्याबाहेर वाया गेलेली उष्णता धरलेलीच नाही. शंभर कप चहात दिवसाची निम्म्याहून जास्त वीज संपली. चहा गॅसवरच ठेवावा, त्यात सौरऊर्जेचा काही अपमान नाही.

उरला गारवा, आणि खरा खादाड तोच. लिटरभर पाणी 30 वरून 5 अंशांवर आणायला त्यातून सुमारे 29 वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. छोटा फ्रिज खर्चलेल्या विजेच्या साधारण दुप्पट उष्णता उपसतो, म्हणजे वीज पंधराएक वॉट-तास. मोबाइल पूर्ण चार्ज करायला वीसेक लागतात. थोडक्यात, एक गार बाटली आणि एक भरलेला मोबाइल यांचा खर्च जवळपास सारखा. पण बाटली गार *ठेवावी* लागते, झाकण दर दोन मिनिटांनी उघडतं, आणि फ्रिजच्या भिंतींतून उष्णता दिवसभर आत झिरपत राहते.

यावर उपाय कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: बर्फ. एक किलो बर्फ वितळताना 93 वॉट-तास उष्णता गिळतो. दुपारची फुकट वीज वापरून पाच किलो पाण्याच्या पिशव्या गोठवून ठेवल्या, तर संध्याकाळी त्याच सोळा लिटर सरबत गार करतात, बॅटरीला हातही न लावता. दुर्गम आरोग्य केंद्रांसाठी लस साठवणारे बॅटरीविना चालणारे सौर फ्रिज याच तत्त्वावर बनवलेले असतात. दिवसा बर्फ करायचा, रात्री तो पुरवायचा. लसीला जे चालतं ते सोलकढीला का चालू नये?

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ठेवावं, हा नियम घराच्या छपरासाठी ठीक. गाडीचं पॅनेल जेवणानंतर हाताने पश्चिमेला वळवावं. दिवसाची बेरीज थोडी घटली तरी चारनंतरची वीज वाढते, आणि आपल्याला हवी तीच. घड्याळही इथे मदतीला येतं. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरची, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या पुढे सरासरी अडतीस मिनिटांनी. तेवढी संध्याकाळ लांबते.

सावलीच्या मोहाने गाडी सुरूच्या बनाला टेकवली की घात झाला. पॅनेलमधले घट एकामागोमाग जोडलेले असतात, बहुधा तीन गटांत. एका घटावर दाट सावली पडली तर त्याचा पूर्ण गट बाद होऊ शकतो. माडाच्या एका झावळीने एक तृतीयांश वीज जाते.

आता मीठ. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. आपल्याकडे ती बऱ्याचदा त्याच्या वरच असते, त्यामुळे पॅनेलवर बसलेला खार वाळतच नाही. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि साधा लोखंडी बोल्ट यांच्यामध्ये हा ओलावा शिरला की तिथे एक छोटी नको असलेली बॅटरीच तयार होते आणि धातू खात सुटते. बोल्ट सागरी दर्जाच्या स्टेनलेसचे हवेत, तारा कलई केलेल्या. पॅनेल घेताना मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, आयईसी 61701, झाली आहे का हे विचारावं. आणि रोज सकाळी काच गार असताना गोड्या पाण्याचं फडकं.

वाऱ्याला गृहीत धरू नये. दोन चौरस मीटरचं पॅनेल म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरला तो साधारण तेरा किलो वजनाएवढा असतो, 72 ला पन्नासच्या वर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथल्या सुपारीच्या बागा झोपवल्या, हे दिवेआगरकरांना सांगायला नको.

दिव्यांचा प्रश्न वेगळाच. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून बाहेर आली की सर्वात उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि अंधाऱ्या रात्री ते क्षितिज समुद्राचं असतं. पांढरा एलईडी त्यांना उलट्या दिशेला नेतो. ती पिल्लं पाहायलाच तर पर्यटक येतात. दिवा पिवळसर, टोपी घातलेला आणि जमिनीकडे तोंड असलेला हवा.

बॅटरीचा हिशेब आठवड्याचा. सोमवार ते शुक्रवार साडेसहा युनिट ऊन पडतं, गिऱ्हाईक शनिवार-रविवारी. ते सगळं साठवायचं तर 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या निदान सहा बॅटऱ्या लागतील. परवडणार नाही. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी अर्धी रिकामी ठेवून पाच दिवस विसरलात तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती लवकर म्हातारी होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची महाग, पण अर्धवट भरलेली पडून राहिली तरी तिचं बिघडत नाही. वजनही बारा किलोच्या आसपास. वाळूत रुतणारी गाडी ज्याने ढकलली आहे, त्याला या आकड्याची किंमत कळेल.

आठवड्याचं ऊन साठवणं परवडत नाही, म्हणून रविवारी रात्री पॅनेल चार बोल्ट काढून उतरतं. सोमवारी सकाळी ते अंगणात, तोंड पुन्हा दक्षिणेकडे, आणि पडवीतला पंखा फिरायला लागतो.