सुरुवातीच्या मोटारगाड्यांचे छत

सुरुवातीच्या बंदिस्त मोटारगाड्यांचे छत बहुधा अखंड पोलादी नसे. कडा पत्र्याच्या असल्या, तरी मधल्या भागावर लाकडी सांगाड्याच्या आधाराने जलरोधक कापड ताणलेले असे. संपूर्ण छत झाकण्याइतका रुंद व एकसारखा पोलादी पत्रा त्या काळी किफायतशीरपणे तयार होत नसे, हे याचे प्रमुख कारण होते. अमेरिकेत ही रचना १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होती.

रचना

लाकडी कमानी व पट्ट्यांवर तारेची जाळी, तिच्यावर कापसाचा थर आणि सर्वांत वर लेप दिलेले कापड अशी या छताची मांडणी असे. ते वजनाला हलके असे व पत्र्यासारखे घुमत नसे. मात्र ऊनपावसाने कापड जीर्ण होई, सांध्यांतून पाणी झिरपे आणि आतील लाकूड कुजे. त्यामुळे कापड वेळोवेळी बदलावे लागे.

उत्पादनातील मर्यादा

डॉज ब्रदर्सने १९१४ साली बाजारात आणलेल्या मोटारीची बॉडी पूर्णपणे पोलादी होती. परंतु ती उघडी गाडी असल्याने तिला घडीचा कापडी टप होता. दरवाजे व बाजूंचे भाग लहान पत्र्यांतून घडवता येत. छतासाठी मात्र एकच मोठा पत्रा लागे. जुन्या पद्धतीत कामगार तापवलेले पत्रे रुळांमधून पुनःपुन्हा हाताने फिरवत. त्यामुळे पत्र्याच्या आकारावर मर्यादा येई व जाडीही सर्वत्र सारखी राहत नसे. असा पत्रा दाबयंत्रात खोल आकार देताना फाटण्याचा धोका असे. लहान पत्रे जोडून छत केल्यास जोड घासून गुळगुळीत करण्याचा खर्च वाढे.

अखंड पोलादी छत

१९२०च्या दशकात अमेरिकेत पोलादाची रुंद पट्टी सलग लाटणाऱ्या गिरण्या सुरू झाल्या. त्यांच्यामुळे रुंद, एकसारखा पत्रा मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. त्याला आकार देणारी मोठी दाबयंत्रेही उपलब्ध झाली. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३५च्या मोटारींसाठी ‘टरेट टॉप’ हे एकाच पत्र्यातून घडवलेले छत आणले. त्याच्या गोलाईमुळे पत्र्याला ताठरपणा येई. पुढील काही वर्षांत इतर उत्पादकांनीही अशी छते स्वीकारली.

या बदलामुळे गळती कमी झाली व छत अधिक मजबूत झाले. मात्र कापडी छताखाली बसवली जाणारी रेडिओची अँटेना पोलादाखाली निरुपयोगी ठरल्याने तिच्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली.