अण्णांच्या शेजारी बाया

विधवांसाठी आश्रम काढणारे महर्षी धोंडो केशव कर्वे ऊर्फ अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द न्यू ब्राह्मन्स’ हे पुस्तक निघाले. त्यातल्या आत्मकथनांची निवड आणि इंग्रजी भाषांतर अण्णांचे चिरंजीव, फर्ग्युसनचे माजी प्राचार्य दिनकर धोंडो कर्वे यांनी केले होते. भारतरत्न बापाची थोरवी परदेशी वाचकाला सांगायची तर एकट्या अण्णांचे आत्मवृत्त पुरेसे होते. दिनकररावांनी त्याच्या जोडीला आईचे, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे कथनही घेतले. संस्थापकाच्या मुलाच्या अभिमानाची खरी पारख इथे होते, असे मला वाटते. आपल्याकडचे गौरवग्रंथ देणगीचे आकडे छापतात; ते पैसे कोणाच्या संसारातून गेले, हे सांगत नाहीत.

बायांच्या ‘माझे पुराण’मध्ये तोच हिशेब आहे. १८९३ मध्ये अण्णांनी या विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम निघाला, तो विधवांना शिकवण्यासाठी. पुनर्विवाहाशी त्याचा संबंध नको, हे धोरण ठरलेले. सनातनी घरांतून मुली आणि वर्गणी मिळवायची तर दुसरा मार्गही नव्हता. पण त्यामुळे झाले असे, की संस्थापकाची पुनर्विवाहित पत्नी संस्थेसाठी अडचणीची ठरली. अण्णांची मिळकत आश्रमाकडे वळत होती आणि चूल बाया सांभाळत होत्या. या ओढाताणीबद्दल त्या आडपडदा न ठेवता बोलतात. हे सगळे लेकाने इंग्रजीत नेले.

घरची धुणी चव्हाट्यावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘माझे पुराण’ १९४४ साली, अण्णा हयात असतानाच छापले गेले होते, आणि त्याचे संपादन केले होते सून कावेरीबाईंनी. निवड मुलाची, म्हणजे ती निःपक्ष कशी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती निःपक्ष नाहीच. मात्र पक्षपात करायचाच असता तर आईचे प्रकरण गाळणे सर्वांत सोपे होते. परदेशी वाचकाला त्याची उणीव जाणवलीही नसती. तिसरा मुद्दा असा, की वडिलांचे काम पुढे नेणे हाच खरा अभिमान. अण्णांचे आणखी एक चिरंजीव भास्करराव हिंगण्याला वडिलांच्या संस्थेत राबले, त्यांचे मोल कमी कसे म्हणावे? तरी कामाचा वारसा संस्था टिकवतो, तिची किंमत कोणी मोजली याची नोंद ठेवत नाही. थोरले चिरंजीव रघुनाथराव तर हिंगण्याच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्या मनात वडिलांबद्दल काय होते, ते या कामावरून ताडू नये. चरित्रकारांना तो मोह फार होतो.

शिवाय बायांची तक्रार म्हणजे संस्थेला विरोध, असा अर्थ काढणाऱ्यांनी त्यांचे कथन शेवटपर्यंत वाचावे. घरखर्चावरून नवऱ्याशी भांडणाऱ्या याच बाईंनी त्याच आश्रमासाठी लोकांकडे वर्गणीही मागितली.